पोरांचं लिखाण वाचणार कोण?

बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात ब्लॉग लिहायला येतो. चार मार्कांना. आणि तो लिहायचा कागदावर, निळ्या पेनानं. पोरं काय करतात तर पट्टीनं एक चौकोन आखतात, वरच्या पट्टीत होम, अबाऊट, कॉन्टॅक्ट असं लिहितात, कोपऱ्यात तारीख टाकतात, एखादा हुशार पोरगा तर खाली दोन कमेंट पण स्वतःच लिहून मोकळा होतो, 'नाईस पोस्ट', 'थँक्स फॉर शेअरिंग', आणि मधे जे काही असतं ते गाईडातलं 'झाडे लावा' नाहीतर 'स्वच्छतेचे महत्त्व'. अकरावीच्या मराठी युवकभारतीत पण अनुदिनी लेखन म्हणून पाठ आहे, चांगला आहे, पण अकरावीला बोर्ड नाही त्यामुळं तो कोण किती मन लावून शिकवतं हे सोलापुरात काय आणि बाकी कुठं काय, सगळ्यांनाच माहितीय. म्हणजे ब्लॉग आपल्या अभ्यासक्रमात येऊन बसलाय, वर्गात मात्र अजून पोचलेला नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मराठी शिकवतो, निबंधाच्या वह्यांचे गठ्ठे सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणणाऱ्यांच्या जमातीतला, आणि त्या वह्या तपासून तपासून माझं एक मत पक्कं झालंय ते इथं जरा पसरून मांडतो. आठवीपासून प्रत्येक वर्गाचा एक ब्लॉग असावा. वर्गाचा म्हणतोय, शाळेचा नाही. शाळेच्या पानावर झेंडावंदनाचे फोटो येतात, शाल-श्रीफळ येतं, मुख्याध्यापकांचं मनोगत येतं, ते चालू दे. मला म्हणायचंय ते पोरांनी लिहायचं आणि दुसऱ्या पोरांनी वाचायचं असलं काहीतरी. आणि ह्यामागं टेक्नॉलॉजी-बिक्नॉलॉजीचं कौतुक अजिबात नाही. कारण एवढंच की आपल्या पोरांच्या लिखाणाला आज वाचकच नाही.

विचार करून बघा ना. पहिलीपासून दहावीपर्यंत मूल जे काही लिहितं ते वाचतं कोण? सर वाचतात म्हणाल. पण सर तरी वाचतात का? साठ वह्या असतात, ऑफ तासाला हातावेगळ्या करायच्या असतात, प्रस्तावना आहे का, एखादा सुविचार टाकलाय का, शेवट केलाय का, अक्षर बरंय का, की झाली सही. फार तर खाली 'अक्षर सुधारा'. आणि पोरांना हे बरोब्बर कळतं, पोरं बावळट नसतात. ज्याला सगळं आधीच माहितीय त्यालाच परत तेच सांगायचंय म्हटल्यावर कोण कशाला डोकं लावेल, म्हणून मग सगळ्या वर्गाची आई वात्सल्यसिंधू असते आणि सगळ्या वर्गाचा सूर्य डोंगराआडून उगवतो. सोलापुरात डोंगर कुठंय बे? आमच्या पोरांचा सूर्य उगवतो तो समोरच्या बिल्डिंगवरच्या पाण्याच्या टाकीमागनं. पण तसं एकानंही लिहिलेलं मला आठवत नाही कारण गाईडात डोंगर आहे आणि मार्क डोंगराला आहेत.

एक उदाहरण देतो. आमच्या भागात बऱ्याच पोरींच्या आया विड्या वळतात. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत आहे ती विडी कामगार बायांचीच, दहा हजार घरं, २००६ ला दिलेली. तर अशाच एका मुलीनं वहीत 'माझी आई' लिहिला होता, त्यात आई देवापेक्षा थोर होती, चंदनासारखी झिजत होती, आणि त्यात ती आई दिवसभर करते काय ह्याचा पत्ताच नव्हता. तोच विषय नंतर वर्गाच्या ब्लॉगसाठी लिहायला दिला तेव्हा एकच अट घातली, तुझ्या आईला कधीच न बघितलेल्या पोरांसाठी लिही. तिनं चारच ओळी लिहिल्या. 'आई पहाटे पाचला उठते. ओल्या फडक्यातली पानं सोडून बघते. मग कात्री घेते. मला उठवत नाही पण कात्रीच्या आवाजानं मला जाग येते.' बास. मी काही बोललो नाही, तसंच टाकलं. तर खाली कमेंटमध्ये एका पोरानं विचारलं की पानं ओल्या फडक्यात का ठेवायची? त्याला तिचं उत्तर असं, 'कोरडं पान वळताना चिरतं. लई ओलं झालं तर काळं पडतं. किती ओलं पाहिजे ते आईच्या हाताला कळतं, मला अजून कळत नाही.' मग दुसऱ्यानं विचारलं हजार विड्या मोजतात कशा, तर तिनं लिहिलं की मोजत कुणी बसत नाही, पंचवीसचा एक कट्टा बांधतात, चाळीस कट्टे झाले की हजार, आणि कारखान्यात द्यायला गेलं की तिथला माणूस खराब म्हणून त्यातल्या काही काढून टाकतो, त्याचे पैसे नाहीत, आणि ह्यावरनं आईचं आणि त्याचं रोज काय बोलणं होतं ते.

आता मला सांगा, 'आईच्या हाताला कळतं, मला अजून कळत नाही' हे वाक्य मी वर्षभर फळ्यावर निबंधाचे मुद्दे लिहून काढून घेऊ शकलो असतो का? तपशील लिहा तपशील लिहा म्हणून आम्ही ओरडत असतो, पण तपशील सांगून येत नाही, समोरच्यानं विचारलं की येतो. त्या पोरानं विचारलं कारण त्याला खरंच माहिती नव्हतं. मला माहिती होतं, म्हणून मी कधी विचारलंच नसतं. मास्तर लोकांची अडचणच ही आहे.

आता हे काही इंटरनेटनं लावलेला शोध आहे अशातला भाग नाही. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचा एक खेड्यातला मास्तर होता, त्यानं १९२४ च्या सुमाराला वर्गात एक छोटं छापायचं यंत्र आणलं, पोरांनी आपल्या मनानं जे लिहिलं ते पोरांनीच खिळे जुळवून छापायचं आणि लांबच्या दुसऱ्या शाळेतल्या वर्गाला टपालानं पाठवायचं, तिकडनं त्यांचं यायचं. समुद्रकाठची पोरं मासेमारीचं लिहिणार, डोंगरातली पोरं त्यांचं. शंभर वर्षांपूर्वी हे चाललंय आणि तिथनं पुढं त्याची मोठी चळवळ झाली. ब्लॉग म्हणजे तेच, फक्त खिळे आणि पोस्टाचा खर्च वाचला.

मग काहीजण म्हणतात, आपल्याकडं हस्तलिखित आहे की, भित्तीपत्रक आहे, वार्षिक अंक निघतो, हे नवीन फॅड कशाला. बरोबर आहे, मी स्वतः हस्तलिखितात वाढलेला माणूस आहे. पण हस्तलिखिताचं शेवटी काय होतं ते पण बघितलंय. ज्याचं अक्षर सुंदर त्यालाच लिहायला मिळतं, मजकूर सर देतात, कडेनं वेलबुट्टी काढणारी एक मुलगी ठरलेली असते, स्नेहसंमेलनाला पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन, एक फोटो, आणि मग ते ऑफिसच्या कपाटात ढालींच्या मागं. वाचलं कुणी? भित्तीपत्रक त्यामानानं बरं, निदान मधल्या सुट्टीत कुणीतरी उभं राहून वाचतं. पण ते पण भिंतीच्या बाहेर जात नाही, आणि भिंत तुम्हाला उलटून प्रश्न विचारत नाही.

सोलापूरकरांना हे जास्त पटायला पाहिजे खरं तर. रणजितसिंह डिसले गुरुजी आपल्याच जिल्ह्यातले, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत असताना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या फायनलिस्टना वाटून टाकली. पुस्तकातल्या क्यूआर कोडची कल्पना त्यांनी आधी आपल्या वर्गात करून दाखवली आणि मग ती सगळीकडं गेली. एका खेड्यातल्या वर्गातनं गोष्ट देशभर जाऊ शकते हे ह्या जिल्ह्याला कुणी वेगळं सांगायला नको. पण एक बघा, क्यूआर कोड काय, सरकारचं दीक्षा ॲप काय, स्मार्ट बोर्ड काय, यूट्यूबवरचे तास काय, ह्या सगळ्यातनं माल पोराकडं येतो. पोराकडनं बाहेर काहीच जात नाही. शाळेत आलेलं प्रत्येक नवं यंत्र मुलाला ऐकायला आणि बघायलाच बसवतं. बोलायला, लिहायला बसवणारं एकही नाही. ब्लॉग ते करू शकतो, आणि तो ह्या सगळ्यापेक्षा स्वस्त आहे. ब्लॉगर १९९९ पासून आहे आणि फुकट आहे, त्याला टेंडर लागत नाही. कदाचित म्हणूनच त्याच्याकडं कुणाचं लक्ष नाही. असो.

पालकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, सर मोबाईल हातात दिला की संपलंच बघा. त्यांची भीती खोटी नाही. पण मोबाईल ऑलरेडी हातात आहे ना. 'असर' ह्या देशभरातल्या शिक्षण-पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या पोरांना विचारलं होतं, त्यातल्या ८२ टक्के पोरांना स्मार्टफोन वापरता येतो, आणि येणाऱ्यांपैकी मागच्या आठवड्यात सोशल मीडियासाठी वापरला ७६ टक्क्यांनी, अभ्यासाशी संबंधित काही केलं ५७ टक्क्यांनी. हे खेड्यातलं, शहरातलं तुम्हीच समजून घ्या. पोरगं रोज लिहितंय की, स्टेटस लिहितंय, रीलखाली लिहितंय, 'कुठं हाय बे' लिहितंय रोमन लिपीत. म्हणजे त्याला वाचकासाठी लिहायची सवय आहे, फक्त त्या लिखाणाशी शाळेचा काही संबंध नाही आणि शाळेतल्या लिखाणाशी त्या पोराचा काही संबंध नाही. आणि वर्गाच्या ब्लॉगला पोराच्या हातात मोबाईल लागतोच कुठं फारसा? ऐंशी टक्के काम वहीत होतं. पहिला खर्डा वहीत, शेजारच्यानं वाचायचा, त्याला जिथं कळलं नाही तिथं पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढायचं, मग दुसरा खर्डा, आणि ज्यांचा नंबर असेल त्या पाच-सहा जणांचंच त्या आठवड्यात टाईप करायचं. सगळ्या साठ जणांचं दर आठवड्याला टाकायला निघालात तर तुम्ही दिवाळीपर्यंत पण टिकणार नाही.

टाईप करायचं कशावर, तर आयसीटी लॅब बऱ्याच शाळांत आहे, कॉम्प्युटरवर कव्हर घातलेलं आहे आणि दाराला कुलूप आहे, किल्ली ज्यांच्याकडं आहे ते सर ट्रेनिंगला गेलेत. ते उघडलं तर उत्तम. नाही उघडलं तर सरांचा एक फोन पुरतो. आणि इथं एक मजेची गोष्ट सांगतो जी मला आधी सुचलीच नव्हती. मराठी टायपिंग पोरांना जड जातं म्हणून बोलून टाईप करायची सोय वापरायला दिली, तर पोरगं आपलं लिखाण फोनपुढं धडाधड वाचून दाखवतं आणि स्क्रीनवर जे उमटतं त्यात बहुतेक वेळा पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, एक सलग गाडी. ते पोरगं स्वतः वाचायला लागलं की त्याचाच दम लागतो. 'सर हे कुठं थांबायचं?' पूर्णविराम कुठं द्यायचा हा प्रश्न मुलानं आपणहून विचारलेला बघायला मिळणं म्हणजे मराठीच्या मास्तरासाठी काय आहे हे बाकीच्यांना नाही कळायचं.

शुद्धलेखनाचं काय, हा दुसरा ठरलेला प्रश्न, आणि हा बहुतेक आमच्या स्टाफरूममधनंच येतो. चुकीचं मराठी सगळ्यांना दिसणार, शाळेची इज्जत जाणार. माझं म्हणणं असं की ऱ्हस्व-दीर्घ बघायचं पण सगळ्यात शेवटी, टाकायच्या आधी, आणि ते सरांनी लाल पेनानं न करता जोडीदारानं करायचं. पहिल्याच खर्ड्यावर लाल पेन चाललं की पोरगं पुढच्या वेळी ज्या शब्दांचं स्पेलिंग येतं तेवढ्याच शब्दांत लिहितं, आणि ते शब्द फार कमी असतात. अमेरिकेत २००७ ला ग्रॅहम आणि पेरिन ह्यांनी चौथी ते बारावीच्या मुलांना लिहायला शिकवण्यावरचे बरेच प्रयोग एकत्र करून तपासले, त्यात व्याकरण सुटं शिकवल्यानं लिखाण सुधारल्याचं दिसलं नाही, उलट किंचित तोटाच दिसला, आणि जोडीनं लिहिणं, खर्डा करून परत लिहिणं ह्याचा मात्र फायदा दिसला. ते इंग्रजीचं आहे, मराठीला जसंच्या तसं लावू नये हे मान्य. पण आपण तीस-चाळीस वर्षं उलट्या क्रमानं करून बघितलंच आहे की, त्याचा निकाल समोर आहे.

सोलापुरात तर हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या उर्दू, गल्लीत हिंदी-मराठीची मिसळ आणि शाळेत मात्र पुस्तकी मराठी. तोंडी बोलताना हीच पोरं एवढी भारी बोलतात, गड्ड्याच्या जत्रेत काय काय झालं, नंदीध्वज कसा तोलतात, कुठल्या पाळण्यात कोण ओकलं, हे सांगायला लागली की तास संपतो, आणि 'आता हेच लिहा' म्हटलं की 'आमच्या शहरात दरवर्षी यात्रा भरते. यात्रेत खूप गर्दी असते.' संपलं. जी भाषा येते ती चालत नाही आणि जी चालते ती येत नाही, मग पोरगं करणार काय. ब्लॉगवर मी बोलीला मोकळीक देतो, 'करायलाय', 'बे', 'लई' सगळं चालतं, घरातला तेलुगू शब्द पण चालतो, फक्त वाचणाऱ्याला कळला पाहिजे. म्हणजे मागावर काम करणाऱ्या घरातला पोरगा 'कांडी भरायला बसलो' असं लिहितो, ते सांगोल्याकडच्या पोराला कळणार नाही, तर ते एका वाक्यात समजावून सांगायचं. ते समजावताना तो आपोआप प्रमाण मराठीकडं येतो, कारण दोघांच्या मधला पूल तोच आहे. पुस्तकी भाषा कशासाठी असते हे त्याला त्या दिवशी कळतं. एरवी ती मार्कांसाठी असते.

सांगोला मी उगाच नाही म्हटलं. वाचक कुठनं आणायचा हा ह्या सगळ्यातला खरा कळीचा मुद्दा आहे, आणि ब्लॉग सुरू करून तीन महिन्यांत बंद पाडणारे बहुतेक इथंच पडतात. इंटरनेटवर टाकलं म्हणजे जग वाचायला येतं हा भ्रम आहे, जगाला वेळ नाही. दोन पालक, एक मामा आणि स्वतः सर एवढेच वाचतात, आणि खाली येतं काय तर 'खूप छान', 'अप्रतिम', हात जोडल्याचं चित्र. त्यानं पोराचं लिखाण तसूभर पुढं सरकत नाही. म्हणून दुसरी एक शाळा पाहिजे, आपल्याच जिल्ह्यातली पण वेगळ्या पाण्याची. शहरातल्या मागावरच्या, विडीवरच्या घरांतली पोरं एकीकडं आणि सांगोल्याची डाळिंबवाली, नाहीतर मंगळवेढ्याची ज्वारीवाली, करमाळ्याची ऊसवाली पोरं दुसरीकडं. डाळिंबावर तेल्या रोग पडला की घरात काय होतं हे शहरातल्या पोराला माहिती नाही. नळाला पाणी किती दिवसाआड येतं आणि ते ज्या दिवशी येतं त्या दिवशी कोण शाळेला येत नाही हे खेड्यातल्या पोराला माहिती नाही, त्याला वाटतं शहरात चोवीस तास पाणी. एकमेकांना विचारण्यासारखं एवढं पडलंय, आणि मधे अंतर किती तर एसटीनं दोन-तीन तास. वर्गात कमेंटचा नियम आम्ही एकच ठेवतो, नुसतं 'छान' लिहायचं नाही, एक तरी खरा प्रश्न विचारायचा, आणि ज्याला प्रश्न आला त्यानं उत्तर द्यायचं, टाळायचं नाही. चांगला प्रश्न विचारणं हे चांगलं लिहिण्याइतकंच शिकवावं लागतं, कदाचित जास्तच.

शिक्षक म्हणतील, आधीच कामं कमी आहेत का? माहिती भरा, फोटो अपलोड करा, हे ॲप, ते ॲप, निवडणुकीची ड्यूटी, आणि त्यात हे. शंभर टक्के मान्य. म्हणूनच हे वरनं आलेल्या परिपत्रकानं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. ज्या दिवशी 'प्रत्येक शाळेने वर्गनिहाय ब्लॉग तयार करून लिंक सायंकाळी पाच वाजेपर्यंत सादर करावी' असा मेसेज केंद्राच्या ग्रुपवर पडेल त्या दिवशी हे मेलं. मग सर स्वतः रात्री बसून पोरांच्या नावानं लिहितील, आपल्याकडं पोरांची भाषणं जशी सर लिहून देतात तसंच. त्याची स्पर्धा पण नको, उत्कृष्ट ब्लॉग पुरस्कार वगैरे तर नकोच नको. आणि मार्क पण नकोत. ज्याला जमेल, ज्याला आवड आहे त्यानं निबंधाचा आठवड्याचा जो तास आहे तोच ह्याच्यात घालवावा आणि निबंधाच्या वह्या तेवढ्या कमी तपासाव्यात. वाढीव काम म्हणून केलं तर टिकणार नाही, बदली काम म्हणून केलं तरच टिकेल.

हल्लीचा एक नवा मुद्दा, एआय. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि आता तर आठवीतलं पोरगं पण भावाच्या फोनवर निबंध काढून आणतं, वात्सल्यसिंधू आई त्याला दोन सेकंदात मिळते, आणि खरं सांगू का, गाईडापेक्षा बरी मिळते. गाईडछाप निबंध मेला म्हणून मला तर दुःख नाही. पण ज्याला घरातल्या फडक्यातली पानं माहिती नाहीत ते यंत्र फार तर सरासरी पानांबद्दल लिहील, आणि समोरच्या शाळेतल्या पोरानं उलटा प्रश्न विचारला की यंत्राकडनं आणलेलं लिखाण उघडं पडतं, कारण उत्तर घरात असतं. पोरांनी एकमेकांना पकडलेलं मी बघितलंय, 'ही तुझी आजी नाही बे, तुझी आजी नऊवारी कुठं नेसते'. असली तपासणी मला जन्मात जमली नसती.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल मात्र अजिबात ढिलाई नको, मुलींच्या बाबतीत तर नाहीच. ब्लॉग सगळ्या जगाला उघडा ठेवायचा नाही, ठराविक लोकांनाच दिसेल अशी सोय असते ती वापरायची, खातं वर्गाचं आणि किल्ली दोन्ही शाळांच्या सरांकडं. पोरांची स्वतःची खाती काढायच्या भानगडीत पडू नये, गूगललाच १३ वर्षं पूर्ण लागतात आणि आठवीत काहीजण त्याच्या आतलेच असतात. आडनाव नाही, फोटो नाही, घराचा पत्ता नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येकजण मूल धरलंय आणि त्याची माहिती हाताळायला आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची तरतूद आहे, तेव्हा जूनमध्येच पालकसभेत हे समजावून, ब्लॉग प्रत्यक्ष उघडून दाखवून सही घ्यावी. आणि विडी वळणाऱ्या आईबद्दल मुलीनं लिहिलं तर ते आधी आईला वाचून दाखवायचं, तिला चाललं तरच टाकायचं. हा नियम कुठल्या कायद्यात नाही, पण तो पाहिजेच.

एवढं सगळं जमवता येतं. जे जमवणं अवघड आहे ते वेगळंच आहे. २०१२ ला स्कॉटलंडमधल्या आर्गाइल भागात मार्था पेन नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीनं वडिलांच्या मदतीनं 'नेव्हरसेकंड्स' नावाचा ब्लॉग सुरू केला, लिहायचा सराव म्हणून. विषय काय तर शाळेतलं दुपारचं जेवण. रोज ताटाचा फोटो, चवीला दहापैकी मार्क, किती घास झाले, आणि जेवणात केस किती सापडले. बघता बघता जगभरातली पोरं आपापल्या ताटांचे फोटो पाठवायला लागली. जूनमध्ये तिथल्या कौन्सिलनं तिला शाळेत फोटो काढायला बंदी घातली. एवढा गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी बंदी मागं घ्यावी लागली, आणि त्या निमित्तानं मलावीतल्या शाळेत जेवण देण्यासाठी एक लाख पौंडांच्या वर देणगी जमली.

आता हीच मुलगी आपल्याकडं आणा. आठवीपर्यंत शाळेत पोषण आहार मिळतो, खिचडी असते, उसळ असते. समजा एका पोरानं वर्गाच्या ब्लॉगवर लिहिलं की आज खिचडीत डाळ शोधायला लागली. किंवा लिहिलं की मुलींच्या संडासात पाणी नसतं म्हणून आम्ही दुपारपर्यंत पाणी पीत नाही. किंवा लिहिलं की अमुक तासाला सर येतच नाहीत. ब्लॉग फक्त दोन शाळांना दिसतोय, जगाला नाही, तरी काय होईल? मुख्याध्यापकांचा फोन येईल. 'सर, हे काढा आधी.' बदनामी होते, तपासणी लागते, संस्थेचे लोक विचारतात, सगळं खरंय, मुख्याध्यापकांची पण नोकरी आहे. पण ते एकदा काढलं तर पोरांना जे कळायचं ते त्या दिवशी कळतं, की हे पण निबंधाच्या वहीसारखंच आहे, इथं पण डोंगराआडनंच सूर्य उगवायला पाहिजे. त्यानंतर तुम्ही कितीही खर्डे करून घ्या, कितीही प्रश्न विचारायला शिकवा, झाडे लावाच येणार.

म्हणून ब्लॉग उघडायच्या आधी, पहिली पोस्ट पडायच्या आधी, शाळा व्यवस्थापन समितीत नाहीतर शिक्षक-पालक संघात एक कागद मंजूर करून घ्यावा, अर्ध्या पानाचा. कुणाचं नाव, फोटो, नंबर आला तर पोस्ट काढणार. जातीवरनं, धर्मावरनं, दिसण्यावरनं कुणाला लागेल असं असेल तर काढणार. शिवीगाळ काढणार. खिचडी, नळ, संडास, फुटलेला बाक, न झालेला तास, ह्याबद्दल लिहिलं म्हणून काढणार नाही, फक्त लिहिणाऱ्याला विचारणार की तू स्वतः बघितलंस का, किती वेळा, कोणत्या दिवशी, आणि ते त्यानं पोस्टमध्ये घालायचं. शाळेला त्यावर काही म्हणायचं असेल तर शाळेनं खाली कमेंटमध्ये लिहावं, पोरांना जो नियम तोच मुख्याध्यापकांना, नुसतं 'छान' चालणार नाही. ह्या कागदावर सह्या होत असतील तर जूनमध्ये आठवीपासून सुरू करा. होत नसतील तर तूर्त भित्तीपत्रक चालू ठेवा, आणि त्या सह्यांच्या मागं लागा.